भिवंडीची माशी थांबत नाही

माझा लडकूमामा माश्यांना शिरा करून घालायचा. थट्टा नाही. रवा, गूळ, पाणी, चिमूटभर यीस्ट आणि घट्ट व्हायला अगरची भुकटी. पातेलं शेगडीवर, हातात लाकडी उलथणं आणि तोंडाची टकळी चालू: "हालव रं लडकू, हालव. करपला तं म्याडम बोलंल, लडकूभाई, हे काय, आज माश्यांना जळकं?" म्याडमचं वाक्य आलं की तो मान जराशी वाकडी करायचा आणि नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवायचा. शिरा गरम असतानाच काचेच्या बाटल्यांत दोन बोटं ओतायचा, निवला की माश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचा बोळा.

या माश्या म्हणजे घरातल्या नव्हेत. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती तिळाएवढी, लाल डोळ्यांची चिलटं. मॅडम त्यांना फळमाशी म्हणायच्या आणि मामा 'आपली पोरं' म्हणायचा.

मामा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट. मी त्याच कॉलेजात सायन्सला, त्यामुळे आमच्या दिघाशी गावाहून भिवंडीला सकाळची एस.टी. आमची एकच. बसमध्ये गावातला राघोतात्या त्याला रोज छेडायचा.

"लडक्या, काल काय जेवली तुझी चिलटां?"

"शिरा."

"आयला, आमच्या घरची चिलटां फुकट जेवतात. तुझ्या चिलटांना सरकारनी पगारी वाढपी ठेवलाय!"

"तुझ्या घरची चिलटां शिकलेली न्हाईत, तात्या," मामा म्हणायचा. सगळी बस हसायची. मामा हसायचा नाही. हे त्याचं खास होतं, हसवून झालं की तो खिडकीबाहेर बघायचा.

म्याडम म्हणजे सालेहा मॅडम. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या. घरात तीन पिढ्यांचे कापडाचे लूम, आणि मॅडम मात्र पीएच.डी. करत होत्या. त्यांचे वडील फखरुद्दीनशेठ कधी कॉलेजात आले की दारातूनच विचारायचे, "काय सालेहा, आज किती माश्या मारल्या?" आणि मॅडम तिथूनच, "मारत नाही अब्बा, मोजते." हे दोघांचं ठरलेलं होतं, सलाम केल्यासारखं.

मोजायचं काय, तर अंडी. एक माशी एका दिवसात पन्नास-साठ अंडी घालते. शिऱ्यात कोळशाची पूड मिसळून काळी वडी करायची, त्यावर माशी एक दिवस ठेवायची. सकाळी भिंगाखाली बघितलं की काळ्यावर पांढरी अंडी, तांदळाची कणी सांडल्यासारखी. मॅडम मोजायच्या आणि मामा वहीत आकडा लिहायचा. मामा चौथी शिकलेला, पण त्याचे आकडे छापल्यासारखे.

मॅडमचा प्रश्न असा होता: माशीला ताण आला की तिच्या अंड्यांचं काय होतं? आता माशीला ताण कसा द्यायचा? तिला ना सासू ना परीक्षा. म्हणून तापवायची. पाण्याची एक विजेची पेटी होती. काचेच्या नळीत एकेक मादी, अशा चाळीस नळ्या, पेटीत अडतीस डिग्रीवर दोन तास. दुसऱ्या चाळीस नुसत्या टेबलाखाली, सावलीत. दुपारी एक ते तीन. ती वेळ मॅडमच्या तासांची, म्हणून तापवण्याचं काम मामाकडे.

मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांना अर्धवट सांगणं जमायचंच नाही. "हे बघा लडकूभाई, माशीच्या अंगात हॉर्मोन असतात. रक्तातून फिरणारे निरोपे समजा. एक निरोप्या एरवी अंडी पिकवतो. पण ताप झाला की तोच निरोप्या वाढतो, फार वाढतो, आणि अंड्यांना अडवतो. म्हणतो, आत्ता नको. माशी अंडं धरून ठेवते. वेळ टळली की पुन्हा सुरू. आणि जिला हे थांबणं जमत नाही ना, ती तापात जास्त मरते."

"म्हंजे शानी हाय."

"शहाणीच. आणि माशीत काय, आपल्यात काय, कारागिरी एकच आहे. आपल्यातही असेच निरोपे. म्हणून तर हा सगळा खटाटोप. नाहीतर माश्यांची अंडी मोजून मला काय ऑम्लेट करायचंय?"

हे सगळं मामा बसमध्ये दहा वेळा सांगायचा. चष्मा सरकवून. "ऑम्लेट करायचंय?" पर्यंत पोचला की बस पुन्हा हसायची. त्यातलं 'कारागिरी एकच आहे' त्याच्या डोक्यात किती खोल जाऊन बसलंय हे कोणालाच कळलं नाही. मॅडमनाही नाही.

आता तुळजाताईचं सांगते. तुळजा मामाची एकुलती एक. वळ गावी दिली होती, नवरा केसरीनाथ, लूमवर कामाला, स्वभावाने गरीब. एकोणनव्वदच्या जूनमध्ये ती चार दिवस माहेरी आली होती. आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीला खाडीतली चिवणी मासळी शेतांच्या पाण्यात चढते, अंडी घालायला. पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, गच्च. त्या दिवसांत सगळा गाव जाळी आणि टोपल्या घेऊन शेतात. मामाने त्या वर्षी दोन टोपल्या चिवणी आणली. तुळजाताईने गाभोळी मिटक्या मारत खाल्ली. आणि तिसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. दोन महिने गेले होते म्हणे. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, लाजून. ते राहिलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. घरात पोटुशी बाई असली की त्या घरच्या माणसाने अंड्यावरच्या, गाभण जिवाला हात लावायचा नाही. गाभोळीचा मासा धरायचा नाही, अंड्यावरची कोंबडी उठवायची नाही. आनंदीमामीने त्या दिवशी मामाला एवढंच विचारलं, "धरताना हाताला लागली नसंल तुझ्या गाभोली? लागली असंल ना?"

"मना ठाव व्हता काय, आनंदे?"

"मी कवा बोलली ठाव व्हता?"

मामी त्यानंतर एकदाही काही बोलली नाही. पण ती एवढं बोलली ते पुरे होतं. आणि मामाला जे ठाऊक होतं ते मामीला नव्हतं. चिवणी तर एका दिवसाची. अंड्यावरच्या चाळीस-चाळीस माद्या तो त्या सगळ्या महिन्यांत स्वतःच्या हाताने पेटीत उतरवत होता.

नव्वदच्या पावसाळ्यात तुळजाताईला पुन्हा दिवस गेले.

मॅडमना मामाने सांगितलं तेव्हा त्या एवढ्या खूश झाल्या की सगळ्या लॅबला त्यांनी चहा पाजला. स्वतः तिला शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेल्या. येताना रिक्षात बसून तुळजाताईला म्हणाल्या, "आराम कर हं बेटा. वजन उचलायचं नाही, घोर लावून घ्यायचा नाही. घोर लागला की आतले निरोपे बिघडतात. तुझ्या बाबांना विचार, त्यांनी रोज बघितलंय."

मामा पुढे ड्रायव्हरशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो फक्त मान हलवत राहिला.

मे महिन्यापासून पेटी बंद होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅडमनी नवीन माश्या आणल्या. आधीच्या बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या बाटलीतच वाढलेल्या. त्या तापल्या की बरोबर थांबायच्या, पुस्तकात लिहिल्यासारख्या. आता मॅडमना बघायचं होतं की आपल्या गावातली माशी काय करते. फळबाजारात सडलेली केळी ठेवून त्यांनी आणि मामाने माश्या धरल्या आणि बाटलीवर चिठ्ठी लावली: भिवंडी.

पहिल्या दिवशी एक वाजला. मॅडम तासाला गेल्या. मामाने चाळीस नळ्या उभ्या ठेवलेली घोडी उचलली, पेटीचं झाकण उघडलं, आणि झाकण पुन्हा लावलं. घोडी टेबलाखाली ठेवली, दुसऱ्या चाळिसांच्या शेजारी, त्यावर ओलं फडकं टाकलं. पेटीचं बटण मात्र चालू ठेवलं, लाल दिवा दिसावा म्हणून. तीन वाजता नळ्या वर काढल्या आणि वहीत लिहिलं: ३८, दोन तास. छापल्यासारखं.

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, बसमध्ये, शेवटच्या सीटवर. सांगताना एकाही माणसाची नक्कल केली नाही.

दुसऱ्या सकाळी मॅडमनी मोजलं. साध्या माश्या: बावन्न, अठ्ठेचाळीस, एकसष्ट. तापवलेल्या: पन्नास, सत्तावन्न, एकोणपन्नास.

"लडकूभाई, पेटी चालू होती ना?"

"हो म्याडम."

"अडतीस?"

"अडतीस."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. आठवडाभर केलं. दिवाळीनंतर पुन्हा. भिवंडीची माशी थांबेचना. आणि मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू जे काही उजाडत गेलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कॉरिडॉरमध्ये त्या जवळजवळ पळत चालायच्या. वर्गात मध्येच फळा सोडून सांगायच्या, "तुम्हाला माहितेय, जगात असे वाण सापडलेत ज्यांचे हॉर्मोन तापाला दादच देत नाहीत! आणि एक आपल्या बाजारात, केळ्याच्या गाडीवर!" स्टाफरूममध्ये तर थट्टेला ऊत आला. गणिताचे सर म्हणाले, "बाई, त्यात काय नवल? भिवंडीची माशी आहे. दोन शिफ्ट करणार. लूम थांबतो तेव्हाच थांबणार." फखरुद्दीनशेठ दारातून ओरडले, "सालेहा, तुझी माशी मला दे कामाला, माझे कारागीर तर उन्हाळ्यात गावाला पळतात!" मॅडम हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मुंबईला त्यांचे गाईड होते. तीन वर्षं मॅडमच्या पत्रांना त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'काम चालू ठेवावे.' या खेपेला दोन पानी पत्र आलं. मॅडमच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती, आणि गाईडनी लिहिलं होतं की एवढा एक भाग पक्का झाला तर प्रबंध उभा राहील, मुदतही वाढवून घेता येईल. फेब्रुवारीत ते स्वतः येऊन बघणार होते.

मॅडमनी ते पत्र मामाला वाचून दाखवलं. "यात तुमचंही नाव घालणार मी, आभारात. लडकू पाटील, दिघाशी. छापून येईल."

"माझा नको, म्याडम."

"का नको? सहा वर्षं शिरा कोणी ढवळला?"

मामा म्हणतो, तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण नाही सांगितलं. तुळजाला तेव्हा पाचवा होता. अजून चार महिने, मग सांगू, मग पाय धरू, मग पेटीत दिवसाला शंभर तापवू. असा त्याचा हिशेब. मॅडमचं काम थांबलं तरी पुन्हा सुरू होईल, त्या शिकलेल्या आहेत. पोर गेलं तर गेलं.

फेब्रुवारीत तुळजाताई सातव्यासाठी माहेरी आली. मामीने ओटी भरली, गावातल्या बायकांनी गाणी म्हटली. तुळजाताई हिरव्या लुगड्यात पाटावर बसून लाडू खाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "हसवू नको गो, हसली का आतून लाथ मारतंय." मामा ओटीवर बसून दारातून डोकावत होता. मामीने हाकललं, "बायकांत काय बघतंस?"

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईचे गाईड आले.

मामाने सकाळी रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. तो मॅडमसमोर काढला. मॅडमनी अर्ज उलगडून वाचला. "आज? लडकूभाई, आज? माझी सहा वर्षं आज टेबलावर आहेत." त्यांनी अर्ज नाकारला नाही. घडी घालून परत दिला. मामाने तो परत खिशात ठेवला आणि शिरा करायला घेतला.

गाईड उंच, पांढरा शर्ट, बोलणं जपून, प्रत्येक वाक्याआधी 'असं पाहा'. "असं पाहा सालेहाबाई, आकडे उत्तम आहेत. पण आकडे मी पाहिलेत. मला तापवणं पाहायचंय." आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी पेटीशेजारी ठेवलं, थर्मामीटर स्वतः पाण्यात धरला. एक वाजला. "हं. ठेवा."

मामा घोडी घेऊन उभा.

"म्याडम, आज तुम्ही ठेवा. तुमच्या हातानी."

"असं पाहा," गाईड म्हणाले, "जो रोज ठेवतो त्यानेच ठेवायला हवं. नाहीतर पद्धत बदलली, नाही का?"

मॅडमनी मान हलवली. मामाने घोडी पेटीत उतरवली. नळ्यांत माश्या वर उडाल्या, काचेला आपटल्या. मग एकेक खाली बसल्या. गाईड आणि मॅडम खुर्च्या ओढून बसले, चहा आला, मुंबईच्या गप्पा निघाल्या. मामा पेटीजवळ स्टुलावर बसून होता. दोन तासांत त्याने चहाला हात लावला नाही.

तीनला नळ्या वर काढल्या. तीन माश्या पाय वर करून पडल्या होत्या. बाकीच्या मामाने एकेक करून काळ्या वड्यांवर ठेवल्या. हात धुतले. पुन्हा धुतले.

साडेचारला केसरीनाथ कॉलेजच्या फाटकाशी आला, अंगात बनियन, पायात चप्पल नाही. वॉचमनला म्हणाला, "लडकूमामांना बोलवा."

तुळजाताईच्या पोटात दुपारी दुखायला लागलं होतं. मामीने हॉस्पिटलच्या बाकावर मामाला सांगितलं, कोणीही सांगेल तसं, "जेवून भांडी घासली. मंग निजली. दोन वाजले असतील, तं ओरडली." दोन वाजले असतील हे शब्द तिने सहज म्हटले. मामाने परत परत विचारलं, "दोनच ना?"

मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. पूर्ण बोटं, नखंसुद्धा. रडला एकदाच, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेला.

त्याच सकाळी कॉलेजात मॅडम आणि गाईड भिंग घेऊन बसले. सदतीस वड्या. मॅडम एक उचलायच्या, भिंगाखाली धरायच्या, खाली ठेवायच्या. काळं, नुसतं काळं. एका वडीवर दोन अंडी, एकीवर एक. बाकी काही नाही. गाईडनी शेवटची वडी स्वतः बघितली, भिंग पुसलं आणि म्हणाले, "असं पाहा सालेहाबाई. तुमची भिवंडीची माशी अगदी व्यवस्थित थांबते." मग जाता जाता, "तुमच्या त्या माणसाला थर्मामीटर वाचता येतो ना?"

मॅडम म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगला."

मामा बारा दिवसांनी कामावर गेला. मॅडम त्या बारा दिवसांत दोनदा दिघाशीला येऊन गेल्या होत्या, तुळजाताईच्या उशाशी बसल्या होत्या, कामाबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण लॅबमध्ये पेटी उघडून पडली होती. तारा बाहेर, शेजारी तीन थर्मामीटर. मॅडम पेटीत बिघाड शोधत होत्या.

"पेटी बराबर हाय, म्याडम," मामा म्हणाला.

"नाही लडकूभाई, काहीतरी आहे. चार महिने एक सांगते आणि एका दिवशी भलतंच?"

"पेटी बराबर हाय. भिवंडीची माशी मी कवा तापवलीच न्हाय. फक्त त्याच दिशी."

मॅडमच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, तो गडगडत गेला आणि खाली पडला. कोणी उचलला नाही.

"का?"

मामाने सांगितलं. चिवणी, गाभोळी, मामीचा प्रश्न, पहिलं गेलेलं, मग पुन्हा दिवस गेलेले. टेबलाखालचं ओलं फडकं. मॅडम ऐकत होत्या, आणि मध्येच त्यांचा आवाज चढला. मी कॉरिडॉरमध्ये होते, मला ऐकू आला. "लडकूभाई, अहो माशी तापली म्हणून माणसाचं मूल जात नाही! दहा वर्षं माझ्याबरोबर काम करताय, एवढं कळत नाही?"

मामा हळू बोलला. "तुम्हीच बोललाव ना म्याडम. माशीत न् आपल्यात कारागिरी येकच हाय. त्याच्यासाठीच करताव बोललाव."

मॅडम खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मला वाटलं, त्या रडतायत. पण जेव्हा बोलल्या तेव्हा आवाज कोरडाच होता.

"मग त्या दिवशी का ठेवल्यास? पेटीत?" पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरे-तुरे केलं.

"तुमचा काम व्हता."

मॅडम उठल्या. खिडकीतल्या फळीवरून एक घोडी आणली आणि मामासमोर ठेवली. सदतीस नळ्या. काचेवरून पांढऱ्या अळ्या चढत होत्या, कुठे तपकिरी कोष चिकटले होते, एक-दोन नळ्यांत अगदी नवीन, फिक्या रंगाची पिलं पंख सुकवत बसली होती.

"त्याच आहेत. त्या दिवशीच्या. मी टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडी, तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी घातली. पहिल्यासारखी."

मामाने एक नळी उजेडात धरली. "सगल्यांनी?"

"सगळ्यांनी."

मॅडमनी त्याची तक्रार केली नाही. गाईडना पत्र लिहिलं की तापवण्याची खातरी मी स्वतः केली नाही, चूक माझी, तो भाग मी काढून घेत आहे. प्रिन्सिपॉलना एवढंही सांगितलं नाही. जूनमध्ये मुदत संपली. वाढवून मिळाली नाही. फखरुद्दीनशेठ आता दारात आले की काही विचारत नाहीत. नुसते उभे राहतात, आणि मॅडम म्हणतात, "या ना अब्बा, बसा." भिवंडीची चिठ्ठी लावलेली बाटली अजून आहे. मामा महिन्यातून दोनदा तिला नवीन शिरा घालतो. तिचं आता कोणाला काही काम नाही.

यंदाच्या जूनमध्ये तुळजाताई वळहून आली. सासरी कोणी तिला बोल लावला नव्हता, केसरीनाथ तर स्वतःच अर्धा झाला होता. ती ओटीवर बसलेली, मामा खाली पायरीवर. बाहेर शेतं पाण्याने भरलेली आणि सगळा गाव चिवणीमागे. पोरांची आरडाओरड ऐकू येत होती. मामाचं जाळं आढ्याला टांगलेलं.

मामा बोलायला लागला. मला वाटतं हे वाक्य तो चार महिने मनात घोळवत होता. "तुळजे, मी बघितला हाय गो. माझ्या डोल्यांनी. तापवलेली माशी थांबते फक्त. धरून ठेवते. मंग वेल टळला का पुन्ना... पयल्यासारखा. सगल्याजनी."

तुळजाताईने पाण्याकडे बघतच उत्तर दिलं.

"बाबा, माझा थांबला न्हवता. माझा आला व्हता."

मामी आत चुलीपुढे होती, तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मग तुळजाताई उठली, आढ्याचं जाळं सोडवलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "जा. चिवणी घेऊन ये. मना गाभोली खायची हाय."

"तुळजे..."

"आता घरात कोनी पोटुशी न्हाय बाबा. जा."

मामा गेला. तासाभराने एक टोपली घेऊन आला, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला. तुळजाताईने स्वतः मासे कापले, स्वतः कालवण केलं, मामीला हात लावू दिला नाही. पान वाढताना तिने सगळ्यात मोठी गाभोळी मामाच्या ताटात घातली आणि समोर बसून तो जेवतो का ते बघत राहिली.

मामा जेवला. भात जेवला, मासा जेवला, कालवण ओरपलं. उठला तेव्हा गाभोळी ताटाच्या कडेला तशीच होती. तुळजाताईने ती उचलली आणि तिथेच बसून, हळूहळू, सगळी खाल्ली.